हिवाळ्यात खिडक्या बदलताना

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर बजबज हे नगर वसले आहे. तागाच्या गिरण्या व खनिज तेलाची कोठारे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. अशा दमट नदीकाठी घराच्या लाकडी खिडक्या जीर्ण झाल्या म्हणजे त्या कोणत्या ऋतूत बदलाव्यात, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

थंड देशांत हे काम हिवाळ्यात करणे गैरसोयीचे असते. उघड्या भिंतीतून घरातील ऊब निघून जाते आणि सिमेंटच्या ओल्या मालातील पाणी गोठून तो ठिसूळ होतो. बजबजच्या परिसरात ही भीती नाही. जानेवारीतील सरासरी किमान तापमान तेथे सुमारे १४ अंश सेल्सिअस असते आणि पाऊस क्वचितच पडतो. गवंडी, सुतार व रंगारी या तिघांनाही हा काळ सोयीचा होय. परंतु याच कोरडेपणात एक फसगत दडलेली आहे.

लाकूड हवेतील बाष्प शोषून घेते व कोरड्या हवेत ते सोडून देते. बाष्प शोषले गेले की लाकूड फुगते. मात्र तंतूंच्या लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो, रुंदीच्या दिशेने तो जाणवतो. सागवानातील ओलावा १ टक्क्याने वाढला, तर त्याची फळी रुंदीत सुमारे ०.२ टक्के वाढते. हिवाळा व पावसाळा यांत ओलाव्याचा फरक ६ टक्के धरू. एका झडपेला प्रत्येकी १० सेंटिमीटर रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या असतात. त्या मिळून सुमारे अडीच मिलिमीटर वाढतील. दोन झडपांची वाढ जवळजवळ ५ मिलिमीटर होईल. चौकटीची आडवी लाकडे मात्र लांबीत वाढत नाहीत. झडपा रुंदावतात, पण त्यांची जागा तेवढीच राहते.

यास्तव जानेवारीत चपखल बसलेली खिडकी जुलैत अडकते. मग सुतारास बोलावून तिच्यावर रंधा मारला जातो. पुढील उन्हाळ्यात लाकूड आकसते, फट पडते आणि कडी जेमतेम अडकते. बंगालमध्ये मार्च ते मे या महिन्यांत कालबैशाखीची वादळे येतात. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळाने याच प्रदेशास तडाखा दिला. अशा वेळी सैल कडीवर घराची सुरक्षितता अवलंबून असते.

उपाय सोपा आहे. हिवाळ्यात झडपा बसविताना वरील हिशेबाने फट सोडावी; ती चूक नसून पावसाळ्यासाठी राखलेली जागा आहे, हे घरमालकाने जाणावे. कडी मात्र लांब घ्यावी, म्हणजे फट असतानाही ती पुरेशी आत जाईल. झडपांच्या वरच्या व खालच्या कडांनाही रंग द्यावा, कारण फळीच्या कापलेल्या टोकांतून ओलावा सर्वाधिक वेगाने शिरतो. कोरड्या हवेत सिमेंटचे पाणी लवकर उडते. म्हणून चौकटीभोवतालचा माल सात दिवस ओला ठेवावा. घरात वृद्ध वा तान्ही मुले असल्यास एका दिवशी एकच खोली हाती घ्यावी.

कोकणातील वाचकांनाही पावसाळ्यात अडकणाऱ्या खिडक्या परिचित आहेत. तेथेही हाच नियम लागू पडतो: खिडकी बसवावी कोरड्या दिवसांत, पण माप धरावे पावसाळ्याचे.