भुकेच्या शेजारी जाग

वजन कमी करायची गोळी सुरू केली आणि रात्रीची झोप उडाली, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. औषधाच्या कागदावर ती दुष्परिणामांच्या यादीत छापलेली असते. पण या गोळ्यांचं जुनं दप्तर काढून पाहिलं तर प्रकार उलटाच निघतो. या घराण्यातल्या मूळ औषधाचं काम झोप उडवणं हेच होतं. दुष्परिणाम होता तो भूक मरण्याचा.

ॲम्फेटामिन हे रसायन लाझार एदेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञानं १८८७ मध्ये बर्लिनमध्ये तयार केलं. त्याचा उपयोग काय, हे पुढची कित्येक वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही. १९३५ साली अमेरिकेत मायरन प्रिन्झमेटल आणि विल्फ्रेड ब्लूमबर्ग या डॉक्टरांनी ते 'बेन्झेड्रिन' या नावानं नार्कोलेप्सीच्या रोग्यांना दिलं. हा आजार विचित्र आहे. माणूस भर दिवसा, बोलता बोलता, ताटावर बसल्या बसल्या झोपी जातो. औषधानं रोगी जागे राहू लागले. मग असंही दिसू लागलं की बेन्झेड्रिन घेणारी माणसं जेवणावरून उठतात ती अर्धपोटीच. १९३८ मध्ये मार्क लेसेस आणि अब्राहम मायरसन यांनी हेच औषध लठ्ठपणावर वापरल्याचा लेख छापला, आणि जागं ठेवणारी गोळी बारीक करणारी गोळी म्हणून बाजारात फिरू लागली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना तीच गोळी पुन्हा मूळच्या कामासाठी मिळाली.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना फेन्टरमिन हे नाव परिचयाचं असेल. तिथं १९५९ पासून मान्यता असलेलं हे औषध ॲम्फेटामिनचंच सौम्य भावंड आहे. ते मेंदूतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन बाहेर काढतं. संकट आल्यावर शरीरात जे रसायन उसळतं, तेच हे. नाडी जलद होते, तोंड कोरडं पडतं. मागे वाघ लागलेला माणूस जेवायला बसत नाही आणि आडवाही होत नाही. गोळी घेतलेल्याच्या शरीराला वाघ न दिसताच तसं वाटत राहतं.

आपल्याकडे या जातीचं गाजलेलं औषध होतं सिबुट्रामिन. तोंडाला कोरड आणि झोपमोड या त्याच्या नेहमीच्या खोड्या. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं मोठ्या चाचणीत दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. तरी ते पुरतं नाहीसं झालेलं नाही. 'शंभर टक्के वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या पुड्यांत आणि कॅप्सूलांत ते लपवून घातलेलं अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना सापडलं आहे. एखाद्या झाडपाल्याच्या चूर्णानं तुमची झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, तर झाडपाल्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा डबीवर संशय घ्या.

पण भूक आणि जाग यांची अशी गाठ मारली कोणी? याचं उत्तर मिळायला १९९८ साल उजाडलं. टेक्सासमध्ये काम करणाऱ्या मासाशी यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये एक नवं रसायन सापडलं. ते उंदरांना टोचलं की उंदीर अधिक खात. म्हणून त्यांनी त्याला 'भूक' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ओरेक्सिन म्हटलं. पुढं ओरेक्सिन नसलेले उंदीर तयार केले आणि रात्री ते किती खातात हे पाहायला अंधारात चालणारा कॅमेरा लावला. उंदीर हिंडता हिंडता मध्येच कोसळत होते. ती नार्कोलेप्सी होती! १९३५ मध्ये ज्या आजारावर बेन्झेड्रिन दिलं, तोच आजार भुकेचा शोध घेता घेता उंदरांच्या पिंजऱ्यात सापडला. माणसाच्या मेंदूत कोट्यवधी नव्हे, अब्जावधी पेशी असतात. त्यांतल्या ओरेक्सिन बनवणाऱ्या जेमतेम पन्नास ते ऐंशी हजार. जागं राहण्याचा आपला सगळा कारभार त्यांच्यावर किती अवलंबून आहे, हे त्या नष्ट झाल्यावरच कळतं.

२००३ मध्ये अकिहिरो यामानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उंदरांना उपाशी ठेवलं की ते जास्त वेळ जागे राहतात, जास्त हिंडतात. ओरेक्सिनच्या पेशी नसलेल्या उंदरांत मात्र हा फरक पडत नाही. रक्तातली साखर वाढली की या पेशी मंदावतात, साखर उतरली की चेकाळतात. रानातल्या प्राण्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच आहे, कारण झोपून राहिलं तर अन्न कोण शोधणार? आपल्याकडे महाशिवरात्रीला आणि गोकुळाष्टमीला उपास आणि जागरण जोडीनं येतात, तर पुरणपोळीच्या जेवणावर वामकुक्षी. प्रथा पाडणाऱ्यांना ओरेक्सिन ठाऊक असण्याचं कारण नाही, पण पुरणपोळी खाऊन रात्रभर जागवायला सांगितलं असतं तर निम्मं देऊळ बाराच्या आत घोरत पडलं असतं, एवढं त्यांनी नक्की पाहिलं असणार.

आता हीच गोष्ट पेण तालुक्यातल्या डोलवीत नेऊन पाहू. धरमतरच्या खाडीजवळ, मुंबई-गोवा महामार्गालगत इथं पोलादाचा अवाढव्य कारखाना आहे. ब्लास्ट फर्नेस रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. एकदा पेटली की वर्षानुवर्षं जळत राहते. म्हणून माणसं फर्स्ट, सेकंड आणि नाईट अशा पाळ्यांत वाटली जातात. झोप उडवणाऱ्या बहुतेक गोळ्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं, 'सकाळी घ्यावी'. कोणाची सकाळ? नाईट करून वडखळ-पेणकडे परतणाऱ्या माणसाची सकाळ म्हणजे त्याची रात्र. फेन्टरमिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण वीस तास लागतात. सकाळी आठला गोळी घेऊन नऊला पडदे ओढून आडवं झालं तर औषध ऐन भरात असताना झोपेची आराधना करावी लागते. वर परतीच्या वाटेवर डोळ्यांत शिरलेल्या उन्हानं मेंदूला 'दिवस उगवला' असं कळवलेलंच असतं. पाळी आठवड्याला बदलत असेल तर गोळीची योग्य वेळ काढणं आणखी कठीण. माझं मत असं की फिरत्या पाळीच्या माणसानं पाळीचं वेळापत्रक डॉक्टरांपुढं ठेवल्याशिवाय या जातीची गोळी सुरूच करू नये. अवजड यंत्रांपाशी एक डुलकीही महागात पडते.

नव्या इंजेक्शनांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिची सुरुवात एका विषारी सरड्यापासून होते. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टरच्या विषात जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास एक रेणू सापडला. जेवणानंतर आपल्या आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकासारखं काम तो करतो आणि जास्त वेळ टिकतो. त्या वाटेनं पुढं जात सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड आली. भारतात २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपाटाइडचं मौन्जारो आलं, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं वेगोवी. ही औषधं संकटाची घंटा वाजवत नाहीत, पोट भरल्याची खबर देतात. सेमाग्लुटाइड निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे ते सकाळी टोचलं की संध्याकाळी, याचा झोपेशी फारसा संबंध उरत नाही.

तरीही काहींची झोप मोडते, विशेषतः सुरुवातीला आणि मात्रा वाढवल्यावर. याच कुळातल्या लिराग्लुटाइडच्या माहितीपत्रकात निद्रानाशाची नोंद आहे, बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांतली. पोट सावकाश रिकामं होतं. रात्री दहाचं जेवण बाराला तिथंच असतं, आडवं झालं की आंबट घशाशी येतं, मळमळतं. अशांनी जेवण सातच्या आसपास, थोडं आणि कमी तेलकट करावं. उशाकडची बाजू जरा उंच घ्यावी. काही जण नेमका उलटा अतिरेक करतात, भूकच नाही म्हणून दिवसभर जवळजवळ काही खात नाहीत आणि पहाटे तीनला टक्क जागे होतात. तिथं ओरेक्सिनचा हात असावा असा माझा तर्क आहे. मात्र सोबत इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल आणि मध्यरात्री घाम फुटून, हात थरथरून जाग येत असेल, तर तर्क करत बसू नये. लगेच साखर तपासावी, कमी असेल तर गोड खावं आणि सकाळी डॉक्टरांना कळवावं.

गंमत म्हणजे याच कुळातल्या टिर्झेपाटाइडला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झोपेच्या एका आजारावर मान्यता मिळाली. लठ्ठपणामुळे घोरताना श्वास अडणं, म्हणजे स्लीप ॲप्निया. वजन उतरलं की घशावरचा दाब कमी होतो. तेव्हा तुम्ही आधीपासून जोरात घोरत असाल तर मोडक्या झोपेचं खापर इंजेक्शनवर फोडण्याआधी ती तपासणी करून घ्या.

झोप उडवणाऱ्या गोळीवर झोपेची गोळी चढवणं हा सोपा वाटणारा, पण वाईट मार्ग. मद्य त्याहून वाईट. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, वेळ अलीकडे आणू शकतात, औषधच बदलू शकतात. हे सगळं त्यांना कळलं तरच. सावकाश विरघळणारी गोळी स्वतःच्या मनानं मोडू नका, कारण मग दिवसभराचं औषध एकदम सुटतं. दुपारनंतरचा चहा बंद करा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठा आणि झोप आली की परत या. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली ही रीत आज निद्रानाशावरच्या पहिल्या उपचाराचा भाग आहे.

'वजन तर उतरतंय ना, झोपेचं बघू नंतर' असं म्हणणाऱ्यांसाठी २०१० मधला शिकागोचा एक छोटा प्रयोग. दहा जाड माणसं, दोन आठवडे कमी आहार. एकदा साडेआठ तास अंथरुणात, एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलो घटलं. भरपूर झोपेत त्यांतली चरबी १.४ किलो होती, कमी झोपेत फक्त ०.६ किलो, बाकीचं बहुतेक स्नायूंसारखं शरीराला हवं असलेलं वजन गेलं. शिवाय भूक वाढली ती वेगळीच. तेव्हा दोन आठवड्यांत झोप ताळ्यावर आली नाही तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.