पानफुटीचा मुलूख

मुतखड्यावरचा उतारा म्हणून परसदारी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेली, आणि थंडी सरता सरता उंच दांड्यावर तांबूस-हिरव्या घंटाकृती फुलांचे झुबके लटकविणारी पानफुटी आपल्या इतक्या परिचयाची असते, की तिचे मूळ वतन मादागास्कर हे दूरचे बेट आहे असे सांगितल्यास ऐकणारा आपल्याकडे संशयाने पाहू लागतो.

तिचे बी वाऱ्यावर उडते खरे. परंतु तिचा भरवसा पानावर. पानाच्या दातेरी कडेतील प्रत्येक खाचेत एक सुप्त अंकुर असतो, तो पान झाडावर असेतोवर बहुधा निद्रिस्त राहतो, आणि पान तुटून ओलसर मातीवर पडले की तेथल्या तेथे मुळे व इवली रोपे धरू लागतो. वनस्पतीचे सारे अवयव मूळच्या पानाचीच रूपांतरे होत, असे 1790 साली प्रतिपादणारा जर्मन कवी गटे पुढे या झाडाच्या नादी लागला, तो इतका की त्याची पाने स्नेह्यांना भेट म्हणून पाठवू लागला. ज्या झाडाचा वंश लखोट्यातून सुखरूप जातो, त्याला कोणत्या नाक्यावर अडवावे?

मांसल पानाच्या या चिवटपणाचे इंगित भारतातच प्रथम हाती लागले. बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही पाने चाखून पाहिली, तेव्हा सकाळी आंबट लागणारे पान दुपारी बेचव व संध्याकाळी किंचित कडवट लागते असे त्याला आढळले, आणि 1815 मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध झाले. दिवसाच्या उन्हात पर्णरंध्रे मिटून पाणी राखायचे, रात्री ती उघडून कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवायचा, आणि दिवसा ती शिल्लक खर्ची घालायची, असा हा कारभार असल्याचे पुढे उलगडले.

शोभेसाठी व औषधासाठी देशोदेशी नेलेली ही वनस्पती हवाई व गालापागोस बेटांवर बागेची हद्द ओलांडून रानात शिरली, आणि तिच्या दाट थरात स्थानिक रोपांना जागा मिळेनाशी झाली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडात तर तिचा उपद्रव गुरांच्या जिवावर बेततो. तिच्यातील, विशेषतः फुलांतील, विषद्रव्ये हृदयावर आघात करतात. बंदोबस्त करू पाहणाऱ्याने नुसते झाड उपटून भागत नाही, कारण ओढताना गळून मागे राहिलेल्या पानांतून ती पुन्हा उगवते. म्हणून पाने वेचून जाळावी लागतात, आणि त्याच जागी वारंवार फिरून यावे लागते.