रेशनसाठी अंगठा दिला, डेटा म्यानमारला गेला

नवीन अ‍ॅप टाकलं की ते कॉन्टॅक्ट्स मागतं, लोकेशन मागतं, आणि आपण न वाचता 'अलाऊ' दाबतो. नको वाटलं तर अ‍ॅप काढून टाकता येतं. पण समोर अ‍ॅप नसून रेशनचं टेबल असेल तर 'नाही' म्हणाल का?

ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातले सात लाखांहून जास्त रोहिंग्या लष्कराच्या हिंसाचारातून जीव वाचवून बांगलादेशात, कॉक्स बाजारला आले. म्यानमार त्यांना नागरिकच मानत नाही, त्यामुळे बहुतेकांकडे धड कागद नव्हते. मग २०१८ मध्ये बांगलादेश सरकार आणि यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, यांनी मिळून नोंदणी सुरू केली. फोटो, बोटांचे ठसे, बुबुळांचं स्कॅन, आणि बदल्यात स्मार्ट कार्ड. इंजिनिअर म्हणून मला यात वावगं दिसत नाही. लाखो लोकांना धान्य वाटायचं तर एकच माणूस दोनदा मोजून चालत नाही.

घोळ पुढे आहे. जून २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने सांगितलं की बांगलादेशने किमान ८ लाख ३० हजार जणांची माहिती, बायोमेट्रिकसकट, म्यानमार सरकारला दिली. कशासाठी? कुणाला परत घ्यायचं ते तपासायला. संस्था २४ निर्वासितांशी बोलली. जवळपास सगळे म्हणाले, नोंदणी मदतीसाठी आहे एवढंच आम्हाला सांगितलं होतं. हातात मिळालेली पावती इंग्रजीत. 'म्यानमारला माहिती देऊ का?' या प्रश्नापुढे 'हो'वर टिक, आणि इंग्रजी वाचता येणारे त्यांच्यात मोजकेच.

यूएनएचसीआरने हे आरोप नाकारले. आम्ही समजावून सांगितलं होतं, संमती वेगळी विचारली होती, नकार दिला तरी मदत थांबणार नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

समजा, खरंच विचारलं असेल. तरी ज्याच्या घरातला तांदूळ त्याच टेबलावरून येतो, त्याच्या 'हो'ला कितपत संमती म्हणायचं? निर्वासितांवर अभ्यास करणारे हाच मुद्दा काढतात, आणि मला तो पटतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बुबुळ कुठून बदलणार?

आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारची सत्ता लष्कराने हातात घेतली. ही माणसं ज्याच्यापासून पळाली होती, तेच लष्कर.