अंगणवाडीच्या पुढची शाळा

मॉन्टेसरी म्हणजे बालवाडी, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के बसले आहे की मारिया मॉन्टेसरी यांनी बारा ते अठरा वर्षांच्या मुलांविषयीही लिहून ठेवले आहे, हे पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसते. १९४८ साली फ्रेंचमध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकात या वयाच्या शाळेचा आराखडाच आहे. मुलांनी शहराबाहेर जमिनीवर एकत्र राहावे, शेती करावी, पिकलेले विकावे, त्याचा हिशेब ठेवावा, भेटीला येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था बघावी आणि विज्ञान, गणित, इतिहास या कामाच्या गरजेतून शिकावा. या मुलांना त्यांनी 'भूमीची लेकरे' म्हटले. त्यांच्या विचाराचा भारताशीही जवळचा संबंध आहे. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या, महायुद्धामुळे इथेच राहिल्या आणि कोडाईकनालच्या मुक्कामात निसर्गातील प्रत्येक घटक एकमेकांसाठी काही काम करतो, या सूत्राभोवती त्यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे शिक्षण उभे केले. आज जगभरच्या मॉन्टेसरी शाळांतली किशोरवयीन मुले दोन वाटांनी पर्यावरणाच्या जागतिक प्रश्नांकडे जातात. एक वाट संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवर भरणाऱ्या परिषदांची, जिथे मुले एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन ठराव मांडतात. दुसरी वाट शेतावरच्या शाळेची. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या हंट्सबर्ग येथे २००० साली अशी शाळा सुरू झाली. पहिली वाट दुसरीवर उभी असेल तरच तिला अर्थ आहे, आणि दुसरीसाठी लागणारे जवळजवळ सारे साहित्य पालघर जिल्ह्याच्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत आधीच हजर आहे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

याच जिल्ह्याने या पद्धतीचा पहिला टप्पा एकदा यशस्वी करून दाखवला आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. मॉन्टेसरीची साधने महाग, शिस्त शहरी आणि मुले वारल्यांच्या पाड्यांवरची, अशी ती गाठ होती. या दोघींनी पद्धतीचा गाभा ठेवला आणि बाकीचे बदलले. विकतच्या साधनांच्या जागी बिया, शंखशिंपले, पाने, खडे आले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले तिथेही येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणावर गेली, ती कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येते हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडल्या गेल्या. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. मॉन्टेसरी परकी आणि खर्चिक आहे, या आक्षेपाचे उत्तर कोसबाडने तेव्हाच कृतीने दिले. मात्र शासनाने उचलली ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची गोष्ट. त्या मुलांनी बाराव्या-तेराव्या वर्षी काय करायचे, हा धागा पुढे कोणी त्याच ताकदीने विणला नाही.

तो विणायचा तर जव्हार-मोखाड्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही, कारण जगाच्या परिषदांमधून चर्चिले जाणारे प्रश्न इथे दारात उभे आहेत. या डोंगराळ पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. काळ्या कातळाच्या उतारांवरून तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मोखाड्यातील वैतरणेवर १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण आहे आणि तिथून मुंबईला दिवसाला सुमारे ४५ कोटी लिटर पाणी जाते. नागली, वरई आणि भाताची स्थानिक वाणे इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ज्या धान्यांचा गौरव झाला ती इथल्या वरकस जमिनीची रोजची धान्ये आहेत. जोडीला दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघणारी कुटुंबे आहेत, आणि १९९२ मध्ये जव्हारजवळच्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या राज्याला हादरवले, ती कुपोषणाची जखमही आहे. पाणी, माती, बियाणे, स्थलांतर आणि अन्न ही साखळी पुस्तकात पाच वेगवेगळ्या धड्यांत येते. इथल्या मुलाला ती एकाच घरात दिसते.

दिसणे आणि समजणे यांत मात्र अंतर असते, आणि ते मोजमापाने भरून निघते. एका आश्रमशाळेच्या छपराचा हिशेब करून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छप्पर ५०० चौरस मीटरचे आणि पाऊस २५०० मिलिमीटर धरला, तर साडेबारा लाख लिटर पाणी पन्हाळीतून जाते. शाळेत ३०० मुले असतील आणि प्रत्येकाला दिवसाला २० लिटर लागत असेल, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ७ लाख २० हजार लिटर पुरते. आठवीतल्या मुलांनी फीत घेऊन आपले छप्पर मोजले, सरळ कडांच्या डब्यात रोज सकाळी आठला पाऊस मोजून वहीत लिहिला, दगड बांधलेल्या गाठींच्या दोरीने दर शुक्रवारी विहिरीची पातळी घेतली आणि आलेखाच्या कागदावर तिचा उतार काढला, की पाणी मुरवायचे कुठे, साठवायचे किती आणि टाकीचा खर्च किती, हे प्रश्न त्यांचे स्वतःचे होतात. पावसाळा सरताना ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरणे, तोंड शिवणे, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून थर रचणे आणि थरांमध्ये चिकणमाती ठासणे, या कामाला पंधरा-वीस जणांचे हात लागतात. एक जण चुकला तर पाणी त्याच फटीतून जाते. सहकार्याचे मूल्य इथे सुविचार लिहून शिकवावे लागत नाही.

राबाचा प्रश्न याहून नाजूक आणि म्हणून अधिक शिकवणारा आहे. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर रचून भाजायचे, मग पहिल्या पावसावर त्या राखेत बी टाकायचे, ही इथली जुनी रीत. बाहेरचा माणूस येतो आणि राबामुळे जंगल तोडले जाते, असे सांगून जातो. शेतकरी म्हणतो, राबाने तणाचे बी मरते आणि रोप जोमदार येते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि निवाडा भाषणाने होणार नाही. मुलांनी शाळेच्या जमिनीत शेजारी शेजारी दोन वाफे करावेत, एक भाजलेला, दुसरा शेणखत घातलेला गादीवाफा. दोन्हींत एकच वाण पेरावे, एकविसाव्या दिवशी रोपांची उंची आणि एका चौरस मीटरमधले तण मोजावे, खुरपणीला लागलेले तास लिहावेत. राब सरस ठरला तर तसे लिहावे आणि तोडीची भरपाई कशाने करायची याचा पुढचा प्रयोग मांडावा. या कामात गावातली म्हातारी माणसे शिक्षक होतात. कोणत्या झाडाची फांदी पुन्हा फुटते, शेवळाच्या भाजीत काकडं का घालावी लागतात, कोणती वरई कमी पावसात तग धरते, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे आणि शाळेच्या दप्तरात अजून त्याची नोंद नाही.

असे शिक्षण जमते का, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांत हाताने काम करतात आणि गावाला लागणाऱ्या सेवा पैसे घेऊन पुरवतात. राज्य मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली. १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद हा दुसरा पुरावा. दहा ते सतरा वर्षांची मुले तिथे आपल्या परिसरातला प्रश्न गटाने अभ्यासून मातृभाषेतही मांडू शकतात. तिसरा पुरावा जगाचा आहे. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या 'ग्लोब' कार्यक्रमात अनेक देशांतली शाळकरी मुले पाऊस, तापमान आणि पाणी एकाच पद्धतीने मोजतात व आकडे एकत्र करतात. भारत त्यात २००० साली सामील झाला. या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. मुलाला जगाशी बोलायचे असेल तर त्याच्या हातात त्याच्या गावचा, त्याने स्वतः जमवलेला आकडा हवा. त्याच्याविना केलेला ठराव दुसऱ्याच्या माहितीवर उभा असतो.

आता आश्रमशाळांकडे वळू. मुलांनी घराबाहेर, ग्रामीण भागात, एकत्र राहावे ही मॉन्टेसरीबाईंची अट परदेशात सर्वांत महाग पडते. जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्पाखाली निवासी शाळा कित्येक वर्षे चालू आहेत. महाराष्ट्रातल्या आश्रमशाळांची मुळे गांधींच्या बुनियादी शिक्षणापर्यंत जातात. श्रम आणि ज्ञान यांची फारकत नको, हाच त्याचाही पाया. आज मात्र निवास उरला आणि आशय गेला. मूल जंगलाच्या कडेला राहते, पण त्याचा दिवस घंटा, वर्ग, रांग आणि ताट यांत संपतो. गावाच्या शेतीपासून ते तुटते आणि शहराच्या शिक्षणातही पुरते पोहोचत नाही. इमारत, वसतिगृह, थोडीफार जमीन आणि सोबती हे सगळे आहे. जमिनीची आणि हिशेबाची जबाबदारी मुलांकडे सोपवणे तेवढे राहिले आहे.

यावर पहिला आक्षेप श्रमाचा येईल, आणि तो गंभीर आहे. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी १९४५ मध्ये ज्या जिल्ह्यात उठाव केला, तिथे आदिवासी मुलांच्या हातात पुन्हा कुदळ देणार का? याचे उत्तर नियमांत आहे. उत्पन्न मुलांचे, हिशेबाची वही मुलांच्या हाती, कामाचे तास ठरलेले आणि प्रत्येक कामामागे मुलांनीच मांडलेला प्रश्न, या अटी पाळल्या गेल्या तरच ते शिक्षण. शाळेचे आवार झाडून घेणे किंवा कोणाच्या घरचे पाणी भरायला लावणे याला श्रमशिक्षण म्हणता येणार नाही, आणि तसे होत असेल तिथे ते थांबवलेच पाहिजे. दुसरा आक्षेप दहावीच्या गुणांचा. आठवड्यातला एक दिवस देणे ही खरी किंमत आहे, ती लपवू नये. पण नववी-दहावीला 'जलसुरक्षा' विषय आहेच, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे, आणि विहिरीचा आलेख काढणाऱ्या मुलाला आलेखाचे गणित वेगळे घोकावे लागत नाही. शिक्षकांच्या बदल्या होतात, म्हणून नोंदवही शिक्षकाची नको, वर्गाची हवी. आठवीने ती सातवीच्या हाती द्यावी.

सर्वांत वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. हवामान बिघडवण्यात ज्यांचा वाटा नगण्य, त्यांच्याच मुलांवर ते सावरण्याचे ओझे कशाला? ओझे टाकूच नये. उत्तरदायित्व सरकारांचे, उद्योगांचे आणि पाणी वापरणाऱ्या शहरांचे आहे. पण ज्याच्याकडे नोंद आहे त्याचे म्हणणे ऐकावे लागते. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगल-पाण्याबाबत अधिकार दिले. चार वर्षे विहीर मोजलेली मुले अठराव्या वर्षी ग्रामसभेत बसतील, तेव्हा ती मागणीबरोबर पुरावाही घेऊन येतील. हे शिक्षण त्यांच्यावरचे ओझे नाही, त्यांच्या हातचे साधन आहे.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. येत्या जूनमध्ये जव्हार-मोखाड्यातल्या काही आश्रमशाळांनी आठवीच्या वर्गाला जमिनीचा एक तुकडा, एक पर्जन्यमापक, एक नोंदवही आणि आठवड्यातला एक दिवस द्यावा. आदिवासी विकास विभागाने तशी परवानगी आणि बियाण्याइतका पैसा द्यावा. दुसरी गोष्ट मुंबईच्या शाळांनी करायची आहे. वैतरणेचे पाणी पिणाऱ्या आठवीच्या वर्गाने आपल्या इमारतीचा रोजचा पाणीवापर मोजावा आणि मोखाड्यातल्या एका वर्गाशी आकड्यांची देवघेव सुरू करावी. वापरणारे आणि सोसणारे यांच्यातले अंतर हाच जगाच्या पर्यावरण प्रश्नाचा गाभा आहे, आणि तो एका नदीच्या दोन टोकांना बसलेली मुले एकत्र अभ्यासू शकतात. लहान मुलांसाठी या जिल्ह्याने देशाला अंगणवाडी दिली आहे. त्यांच्या थोरल्या भावंडांसाठी शाळा घडवण्याचे काम बाकी आहे, आणि ते सुरू करायला नवी इमारत लागत नाही.