रात्री दोनला उठायचं

पूर्व दिल्लीतल्या लक्ष्मीनगरमध्ये सीएच्या क्लासांच्या पाट्यांखालून वाट काढत गेलं की एका मराठी हिशेबनीस काकांचं कार्यालय लागतं. आठ डेस्कटॉप, त्यांवर टॅली, कोपऱ्यात लिनक्सचा सर्व्हर. संध्याकाळी आठला माणसं घरी जायची, संगणक मात्र रात्रभर चालू, कारण सर्व्हरवरचा बॅकअप दोनला लागायचा. रिकामा बसलेला साधा डेस्कटॉप ४०-५० वॅट सहज खातो. झोपवला की दोनतीन. म्हणजे रोज रात्री चारपाच युनिट वाया. काकांनी नेहरू प्लेसमधल्या एका तरुण कारागिराला बोलावलं आणि मला म्हणाले, "तुम्हाला बघायचं होतं ना? या."

त्याने माउसला हातच लावला नाही. आधी कॅबिनेट उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली आणि मदरबोर्डवरच्या चांदीच्या टिकलीएवढ्या सेलला मल्टिमीटर लावला. "सर, सेल बैठ गया." सीआर २०३२ : २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून तो आकडा. तीन व्होल्टच्या ठिकाणी मीटर जेमतेम दोन दाखवत होता. वीज नसतानाही वेळ चालू ठेवणारं घड्याळ या सेलवर जगतं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, तोच आपला सेकंद. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत नेमका चालतो. उकाड्यातही मंदावतो आणि थंडीतही. दिल्लीत त्याला दोन्ही भरपूर मिळतात. जागा असताना संगणक नेटवरून वेळ सुधारून घेतो. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा याच शहरात, पुसा भागात आहे. तिथली सीझियमची घड्याळं आणि हा टिकलीएवढा सेल एकाच साखळीची दोन टोकं आहेत, हे मला तिथे उकिडवं बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

मग झोपेचा प्रकार ठरवायचा होता. साध्या स्लीपमध्ये चालू काम रॅममध्येच राहतं आणि रॅमला थोडी वीज लागतेच. जूनच्या रात्री वीज गेली, यूपीएस दमला, की ते काम गेलं. हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर उतरतं; उठायला जरा वेळ लागतो, पण हिशेबाच्या कार्यालयात तेच शहाणपणाचं. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये आठची एक नोंद झाली : हायबरनेट. दुसरी दोनची : बॅकअप. तिच्यात 'या कामासाठी संगणक उठव' या चौकटीत खूण. पॉवर ऑप्शन्समध्ये वेक टायमरना परवानगी. सेल फक्त वेळ राखतो, यंत्र चालू करायला भिंतीतली वीजच लागते. ऐन दोनला ती नसेल तर पाळी हुकते. म्हणून 'हुकलेलं काम जमेल तितक्या लवकर चालव' हीसुद्धा खूण.

सर्व्हर पूर्ण बंद होणार होता, म्हणून त्याचा गजर बायोसमध्ये लावला, पावणेदोनचा.

सकाळी सर्व्हरवर एकही फाइल नव्हती. आठही यंत्रं वेळेवर उठली होती, पण समोर सर्व्हर झोपलेला. तो उठला सव्वासातला. कारागीर आला, बायोसचं घड्याळ बघितलं आणि लगेच म्हणाला, "ये तो लंदन का टाइम है." विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स बहुधा जागतिक वेळ ठेवतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे गजर २०:१५ चा लावायचा.

दुसऱ्या रात्री सर्व्हर जागा, तरी बॅकअप अर्धवट. हे कोडं मला सर्वांत आवडलं. यंत्र आपोआप उठलं आणि कीबोर्डला कोणाचा हात लागला नाही, तर विंडोज दोन मिनिटांत त्याला परत झोपवतं. कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने 'मी कामात आहे' असं विंडोजला कळवलं तर गोष्ट वेगळी. इथली जुनी स्क्रिप्ट काहीच कळवत नव्हती. ही दोन मिनिटांची मुदत एरवी सेटिंगमध्ये दिसतही नाही. कारागिराने काळ्या खिडकीत पॉवरसीएफजीची एक लांबलचक आज्ञा लिहिली, तेव्हा लपलेली ओळ यादीत उगवली. तिथे त्याने दोनच्या जागी चाळीस मिनिटं भरली. आठ यंत्रांवर आठ वेळा, प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने वाचून. एवढ्या साध्या गरजेसाठी माणसाला काळ्या खिडकीत जावं लागावं, हे मला अजिबात पटत नाही. घरोघरी लोक संगणक रात्रभर चालू ठेवतात ते आळसाने नव्हे. झोपवल्यावर तो काम करील याची त्यांना खात्री वाटत नाही, आणि ती वाटावी अशी सोय कोणी समोर मांडलेली नाही.

तिसऱ्या सकाळी आठही फोल्डर पूर्ण होते. काकांनी प्रत्येकातली एक फाइल उघडून जमाखर्चाचा शेवटचा आकडा आदल्या दिवसाशी ताडून पाहिला, मगच कारागिराचे पैसे दिले. जाताना त्याने सर्व्हरच्या अंगावर मार्करने लिहिलं : 'बायोस में २०:१५ दिखेगा, सही है, बदलना मत.'