तान्ह्याचे कान कधी तपासायचे?

थाळी वाजवली आणि बाळ दचकलं, म्हणजे त्याला नीट ऐकू येतं असं समजू नका. कमी ऐकू येणारं मूलही तो दणका टिपतं. हुकतात ते बोलण्यातले बारीक आवाज. श्रवणतज्ज्ञ बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून हलका आवाज सोडतात आणि आतल्या शंखाचा प्रतिसाद यंत्रावर पाहतात. ही ओएई चाचणी. काही मिनिटांत होते, दुखत नाही. शंका उरली तर झोपलेल्या बाळाची बेरा चाचणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणं. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभर मानला जाणारा क्रम. श्रवणयंत्र दिलं की काम संपत नाही. कान वाढतो तसा यंत्राचा कानातला साचा बदलावा लागतो, घरच्यांना बाळाशी बोलायलाही शिकवावं लागतं.

कर्जतच्या दहिवलीकरांनी कुठे जावं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (सुरुवात २०१३, पालघर) अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. तपासणीला येणाऱ्या पथकाला शंका मोकळेपणाने सांगा. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कर्जत लोकलने दादर, तिथून गाडी बदलून वांद्रे. आणि कृपा करून कानात तेल घालू नका.