‘वाका’ कधी म्हणायचं?

फोंडाघाटातून दाजीपूरच्या दिशेनं घाट चढणाऱ्या एसटीत बसलात, की मध्येच कुठेतरी कानात दडे बसतात. आवंढा गिळला की ‘टक्’ होऊन कान मोकळे. गाडी वर जाते तसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. कानाच्या पडद्यामागे कोंडलेली हवा मात्र अजून पायथ्याचीच असते. आवंढ्यासरशी आतली वाट उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. हाच घाट चढून, कोल्हापूर-पुणे करत कोणी लोणावळ्याला पहिल्या योगशिक्षक कोर्ससाठी निघालं असेल, तर हा दाबाचा खेळ तिथं पुन्हा भेटतो. या वेळी पोटात.

उड्डियान बंध शिकवतात तो दिवस बघा. पूर्ण श्वास सोडायचा, गळा बंद करायचा आणि श्वास घेतल्यासारख्या बरगड्या फुलवायच्या. हवा मात्र आत येऊ द्यायची नाही. छातीतली जागा वाढते, हवा तेवढीच राहते, म्हणून आतला दाब घसरतो. श्वासपटल वर ओढलं जातं आणि पोट पाठीला चिकटल्यासारखं खोल जातं. पोटाच्या स्नायूंनी यात जोर लावायचाच नसतो! नवखा माणूस नेमका तिथं चुकतो, पोट दाबून धरतो आणि काहीच घडत नाही.

पोटात काय चाललंय हे उघडून बघावं, असं वाटलेला माणूस याच लोणावळ्याचा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी इथं कैवल्यधाम उभारलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. क्रिया करणाऱ्यांना त्यांनी क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे मोजून दाखवलं आणि त्या निर्वाताला आपले गुरू माधवदासजी महाराज यांचं नाव दिलं. त्याआधी, १९१८ मध्ये, श्रीयोगेंद्रांनी मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली होती. गुरूच्या पायाशी वर्षानुवर्षं बसून मिळणारी विद्या वर्गात, फळ्यासमोर शिकवता येईल हा विचार आपल्याकडे असा रुजला.

आज जगभर पहिल्या कोर्सचा रूढ आकडा २०० तासांचा आहे. रोज एक तास धरला तर सात महिनेसुद्धा होत नाहीत. निवासी वर्गात ते साधारण महिनाभरात बसवतात: पहाटे शुद्धिक्रिया, मग आसनं, प्राणायाम, दुपारी शरीरशास्त्र आणि ग्रंथ, संध्याकाळी पुन्हा सराव. बहुतेक जण शीर्षासन पक्कं होईल या आशेनं येतात. ग्रंथाच्या तासाला कळतं, की पतंजलींच्या १९५ सूत्रांपैकी थेट आसनावर आहेत ती अवघी तीन.

पहाटेची जलनेती घ्या. नाकात नुसतं पाणी गेलं तर काय झोंबतं हे नदीत पोहलेल्या कोणालाही माहीत आहे. लिटरला साधारण नऊ ग्रॅम मीठ घातलेलं, उकळून कोमट केलेलं पाणी मात्र एका नाकपुडीतून शिरून दुसरीतून निमूट बाहेर पडतं. कारण आपल्या रक्तातला खारटपणाही जवळपास तेवढाच असतो. नाकाच्या नाजूक अस्तराला ते पाणी परकं वाटतच नाही.

शरीरशास्त्राच्या तासाचा एक प्रयोग आत्ता बसल्या जागी करता येईल. मनगटावर बोटं ठेवून नाडी शोधा आणि संथ श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. मेंदूपासून हृदयापर्यंत येणारी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. श्वास घेताना तो लगाम सैल पडतो, सोडताना आवळतो. ‘श्वास सावकाश सोडा’ असं शिक्षक इतक्यांदा का म्हणतात, ते आपल्याच बोटांखाली कळतं.

पण खरी परीक्षा असते पाठाची. डीएडच्या मुलांसारखं पाठटाचण काढायचं आणि सोबत्यांसमोर उभं राहून आसन शिकवायचं. दहा वर्षं पश्चिमोत्तानासन करणारी व्यक्तीसुद्धा इथं अडखळते. शरीराला येत असतं, जिभेला येत नसतं. त्यात आपली मराठी क्रियापद शेवटी ठेवणारी. ‘श्वास सोडत, पाठ लांब ठेवून, गुडघे न वाकवता, कमरेतून पुढे…’ एवढं ऐकेपर्यंत निम्मा वर्ग पाठीला पोक काढून खाली गेलेला असतो आणि निम्मा ‘पुढे काय?’ म्हणून थांबलेला असतो. मग वाक्य फोडायला शिकावं लागतं: ‘पाठ लांब करा. श्वास सोडा. आता कमरेतून वाका.’ एका वाक्यात एकच हालचाल. शिवाय समोर उभं राहून ‘उजवा हात वर’ म्हणताना स्वतःचा डावा उचलायचा, कारण समोरचे आपल्याकडे आरशासारखं बघत असतात. पहिले काही दिवस तोंड आणि हात यांची चांगलीच भांडणं होतात.

आणि ‘नको’ म्हणायलाही शिकावं लागतं. ज्या उड्डियानानं आपण थक्क झालो, ते उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण किंवा पोटाची ताजी शस्त्रक्रिया असेल तर शिकवायचंच नाही.

महिन्यानं प्रमाणपत्र घेऊन माणूस घाट उतरतो. गावात वर्ग सुरू होतो आणि पहिल्याच सकाळी एखादी काकी दारातच थांबते: ‘माका खाली बसूक जमणा नाय.’ शीर्षासन इथं कामाला येत नाही. तिला खुर्ची द्यायची, बोटं तिच्याच मनगटावर ठेवायला लावायची आणि सांगायचं, ‘काकी, श्वास सोडा. हळू.’ ठोके लांबलेले तिला स्वतःला जाणवले, की ती मान वर करून बघते. वर्ग तिथून सुरू होतो.